चादरीचं दुसरं टोक

मंगळवार, ११ फेब्रुवारी

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तू मजेत असशील, मांजर मजेत असेल, आणि दोघींपैकी एकीचं तरी वजन वाढलं असेल अशी आशा आहे. मी बरी आहे. सर्दी आहे, पण ती माझ्याबरोबर गावोगाव फिरते, तिला आता घरचीच समजायचं.

पत्राला काहीतरी कारण लागतं, हे तूच मला शिकवलंस. माझ्या पत्रांना कधीच कारण नसतं, हेही तूच म्हणतेस. या वेळी आहे, आणि चक्क ऑफिसचं आहे. मला इतिहास लिहायला सांगितलाय. हसून झालं की पुढे वाच.

त्याआधी एक. मागे फोनवर तू बजावलं होतंस की आईचा विषय काढायचा नाही, काढलास तर फोन ठेवीन. मी काढला आणि तू ठेवलास. म्हणून हे पत्र. पत्र आपटून ठेवलं तरी मांजरीला खायला घालून झाल्यावर पुन्हा उचलता येतं. तर मी आईचा विषय काढणार नाही. हे पत्र धुलाईघराबद्दल आहे. शपथ.

मी इथे दोन दिवसांसाठी आले होते. बोटीवरचं काम संपलं होतं (स्वयंपाकघरात होते, कॅप्टनला सूप आवडलं नाही, ते पुढच्या पत्रात) आणि संत्र्यांच्या पॅकिंगचं काम सुरू व्हायला अवकाश होता. म्हटलं, जुन्या रस्त्यावरून एक चक्कर मारावी. धुलाईघराच्या काचेवर तशीच वाफ होती. आत डोकावले तर गल्ल्यावरून मावशी म्हणाल्या, "आलीस? धर." आणि चादरीची दोन टोकं हातात दिली. कशी आहेस नाही, कुठे होतीस नाही. संत्री आता कधीच संपली असतील.

कुठे राहते ते विचारू नकोस. सोय झाली आहे.

तर इतिहास. धुलाईघराच्या संस्थेला पंचवीस वर्षं होतायत, एप्रिलअखेरच्या रविवारी कार्यक्रम आहे, आणि ऑफिसबाईंना एक छोटं पुस्तक छापायचंय. ऑफिसबाई तुझ्यानंतर आल्या. शिकलेल्या आहेत, मनाने चांगल्या आहेत, फक्त प्रत्येक गोष्टीला 'उपक्रम' म्हणतात. आम्ही चहा प्यायलो की तोही उपक्रम. त्यांनी मावशींना विचारलं, इतिहास कोणाकडून लिहून घ्यायचा? मावशींनी माझ्याकडे बोट केलं. "हिच्याकडून. ही बडबडी आहे, आणि रिकामी आहे."

तीनदा बसले. पहिल्या वेळी 'संस्थेची स्थापना' एवढं लिहिलं आणि पेनचं टोपण शोधायला गेले, ते संध्याकाळी परत आले. मग वाटलं, तुलाच सांगते. तुला सांगताना मला सुचतं. नंतर त्यातलं काय छापायचं ते ऑफिसबाई बघतील.

सुरुवात तुलाही नीट माहीत नसेल. आपल्याला वाटायचं मावशींनी काहीतरी ठरवून सुरू केलं असेल. मी विचारलं तर म्हणाल्या, "कसलं ठरवून? मला हात कमी पडत होते."

नुसती लॉन्ड्री होती. नाणं टाकून चालणारी मशीन पुढे, आणि मागे इस्पितळाच्या चादरी धुवायचं कंत्राट. मावशींच्या मदतनीस बाईचा हात मोडला. चादरींचा डोंगर, न्यायला गाडी येणार, आणि मोठी चादर एकट्याने घडी होत नाही, तिला झोळ पडतो, ती जमिनीला लागते, पुन्हा धुवावी लागते. पुढच्या बाकावर कोपऱ्यातल्या बेकरीचा मालक बसला होता आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला त्याची मुलगी. दोघांत एवढं अंतर की मधे अख्खं कुटुंब मावलं असतं. पोरगी शाळा सोडून कुणाच्या तरी मोटारसायकलवर फिरत होती, आणि बापाने बोलणं टाकलं होतं. ती त्याला काही सांगायची तर त्याच्या टोपीला सांगायची.

मावशी म्हणाल्या, "रिकामे बसलाय ना दोघं? धरा."

आता तू डोळे मिटून आठव. दोघांनी दोन-दोन कोपरे धरायचे. मागे सरकायचं, ताण द्यायचा, एक झटका. मग लांबीत दुमड, पुन्हा दुमड. मग एकमेकांकडे चालत यायचं, आपले कोपरे समोरच्याच्या हातात द्यायचे, वाकून खालची घडी उचलायची, की पुन्हा मागे. एकमेकांकडे बघावं लागत नाही. बघायचं ते कापडाकडे. पण दोघांनी एकाच वेळी ओढलं नाही तर जमत नाही, आणि दर चादरीला एकदा बोटांना बोटं लागतात. मागे ड्रायर घोंघावत असतात, त्यामुळे शेजारच्याला काही ऐकू जात नाही. दोघांनाच ऐकू येतं, तेही जवळ आल्यावर.

पहिल्या काही चादरी दोघं नुसते ओढत होते. मग बाप म्हणाला, "जरा ढील दे." पोरगी म्हणाली, "तुम्ही आधी द्या." मावशी सांगतात, पुढचं त्यांना ऐकू आलं नाही. पण डोंगर संपला तरी ते दोघं थांबले नाहीत. घडी केलेली चादर उलगडून पुन्हा घडी करत होते.

दुसऱ्या दिवशी बेकरीवाला पाव घेऊन आला. त्यानंतर त्याने आपल्या साडूला पाठवलं, साडूने शेजाऱ्याला. ताई, तिथपासूनचं सगळं त्या एका मोडलेल्या हातामुळे आहे. नंतरचं तुला माहीतच आहे. शाळा सुटल्यावर पोरं यायला लागली, त्यांना वर अभ्यासाला खोली, घरातून बाहेर काढलेल्यांना दोन खाटा, नोकरी शोधणाऱ्यांना इस्त्री केलेला शर्ट उसना. मग कंडक्टरकाका रिटायर होऊन आले आणि शिट्टी बरोबर घेऊन आले. नोंदणी करायला गेले तेव्हा कारकुनाने विचारलं, संस्थेचा उद्देश? काका म्हणाले, "चादरी." कारकून म्हणाला, असा उद्देश नसतो. काका म्हणाले, "मग तुम्ही एकदा येऊन धरा." आला म्हणे. सासूला घेऊन आला.

मी बऱ्याच ठिकाणी काम केलंय. बोट, तंबू, पॅकिंग, तो हॉटेलचा मागचा दरवाजा. सगळीकडे पहिल्यांदा विचारतात, तू कोण? इथे आधी काम देतात. कोण ते तू दमल्यावर आपोआप सांगतेस, आणि नाही सांगितलंस तरी पाव मिळतो. मला हे जगातलं सगळ्यात हुशार काम वाटतं, आणि ज्यांनी ते काढलं त्यांना आपण काही काढलंय हेच ठाऊक नाही.

एकटं येणाऱ्यांसाठी भिंतीत खुंट्या आहेत, तुझ्या वेळी नव्हत्या. दोन खुंट्यांत चादरीचे दोन कोपरे अडकवायचे आणि आपले दोन धरायचे. ताण बसतो. काकांची युक्ती.

इथे मी थांबायला हवं होतं, कारण पुढचं सांगायचं तर विषय निघतो.

पण इतिहास आहे म्हटल्यावर सगळाच आला. धुलाईघराचा एकच नियम आहे, तो लिहिलेला नाही: चादरीवर बोललेलं बाहेर न्यायचं नाही. चांगलं, वाईट, कुणाच्या भल्याचं, काहीही. मी मावशींना विचारलं, हा नियम कधीपासून? त्या कपडे वेगळे करत होत्या, पांढरे इकडे, रंगीत तिकडे. त्यांचा हात थांबला. म्हणाल्या, "तुझ्या ताईपासून."

ताई, मला माहीत नव्हतं. मी लहान होते. मला एवढंच आठवतं की बाबा गेल्यावर आई खोलीतून बाहेर येत नव्हती, तू चुलीपाशी असायचीस, आणि आपण दुपारी धुलाईघरात जायचो कारण तिथे ऊब होती. तू चादर धरून मावशींना ते सगळं सांगितलंस. आणि मावशी दुसऱ्या दिवशी पाव आणि सूप घेऊन आपल्या दारात. त्यांना वाटलं, मदत. आईला वाटलं, आपलं घर चारचौघांत उघडं पडलं. पुढचं तुला पाठ आहे. "तिलाच आई म्हण," ती म्हणाली, आणि तू पिशवी उचलून धुलाईघराच्या वरच्या खोलीत आलीस.

मावशी म्हणाल्या, "मी सूप नेलं नसतं तर ती पोर घरात असती. पुस्तकात हे लिही. सगळ्यात आधी हे लिही." ऑफिसबाई म्हणाल्या, असं छापत नाहीत. मावशी म्हणाल्या, "मग पुस्तक छापू नका." शेवटी ठरलं की छापायचं की नाही ते तू ठरवायचं. तेव्हा कळव. हे ऑफिसचं कारण.

आणि आता विषय निघालाच आहे तर सांगूनच टाकते, फोन नाहीये हा, तुला ठेवता येणार नाही. आई रोज धुलाईघरात येते.

हो. आपली आई. जी त्या रस्त्याने जायला लागू नये म्हणून इस्पितळाला वळसा घालून जायची, ती. पाठीमुळे इस्पितळातली नोकरी सोडली, त्याच्या थोडं आधी ती चादरींचा एक गठ्ठा घेऊन इथे आली, भांडायला. "घड्या वाकड्या येतात तुमच्या," म्हणाली. मावशी म्हणाल्या, "मग तुम्हीच घाला." तिने पदर खोचला. तेव्हापासून येते. दोघी एकमेकींशी फक्त चादरींबद्दल बोलतात, पण मावशी तिचा कप वेगळा ठेवतात आणि तिच्या चहात साखर किती ते कुणाला विचारत नाहीत.

आणि ती घडी खुंटीवर घालते. माणसं रिकामी असली तरी. काका एकदा म्हणाले, "बाई, मी धरतो." तर म्हणाली, "खुंटी बरी. उलट बोलत नाही."

पण मी पाहिलंय, ताई. ड्रायर चालू असले की तिचे ओठ हलतात. भिंतीकडे चालत जाते, कोपरे जुळवते आणि काहीतरी बोलते. मी जवळ गेले की गप्प. मी म्हटलं, मी धरते, तर म्हणाली, "तू हलतेस."

सोय कुठे झाली आहे ते आता तुला कळलंच असेल. जुनी खाट, तुझी बाजू.

पुढच्या महिन्यात एक मोठं मशीन येतंय, आपोआप घड्या घालणारं, एका हॉटेलमालकाने दिलंय. सगळे खूश आहेत. चादरींत जाणारा वेळ वाचेल आणि माणसांशी बोलायला मिळेल, असं मावशी म्हणतात. कळवीन.

रागावलीस तर रागावून उत्तर पाठव. पण पाठव.

तुझी,
वचन मोडलेली धाकटी


रविवार, १३ एप्रिल

प्रिय ताई,

तुझं कार्ड मिळालं. अक्षर तसंच आहे, नर्सचं, औषधाच्या बाटलीवर लिहिल्यासारखं. 'वरच्या खोलीची खिडकी लागायची नाही, हे इतिहासात घाल. मावशींना सांग, छापा. खुंटी फार उंच आहे का? तिचा उजवा खांदा दुखायचा.' एवढंच. मी ते इतक्यांदा वाचलं की मांजरीच्या पंजाचा डाग कुठे आहे तेही पाठ झालं.

उत्तराला उशीर झाला कारण इथे सगळं उलटंपालटं झालं. क्रमाने सांगते, प्रयत्न करते.

'छापा' हा निरोप मावशींना दिला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. मग रंगीत कपड्यांत एक पांढरा टॉवेल टाकला, जे त्यांनी आयुष्यात केलं नसेल. तो आता गुलाबी आहे, त्यांनी तो गल्ल्यापाशी टांगलाय.

खुंटी उंचच होती. काकांना सांगितलं, त्यांनी शिट्टी वाजवून स्टूल मागवलं आणि आईची जोडी वीतभर खाली घेतली. आईने सकाळी येऊन चादर अडकवली, हात खाली आला तशी थबकली. "हे कोणी केलं?"

"काकांनी."

"त्यांना कोणी सांगितलं?"

"एका नर्सने," मी म्हटलं.

पुन्हा कापडाकडे वळली. ती चादर घडी केली, उलगडली, पुन्हा घडी केली. दिवसभर कुणाच्याच घड्यांना नावं ठेवली नाहीत. ऑफिसबाईंना वाटलं तब्येत बरी नाही.

मग ते मशीन आलं. केवढं म्हणशील! हत्तीला झोपवून वर झाकण लावावं तसं. एका बाजूने चादर आत, दुसऱ्या बाजूने घडी बाहेर, पुस्तकाच्या पानासारखी. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीसुद्धा. त्याला लांब भिंत लागत होती, म्हणून घड्या घालायची टेबलं वर गेली आणि खुंट्या निघाल्या. सगळ्या. कुणाच्या मनातही आलं नाही. वाईट कुणीच नव्हतं, ताई, सगळे आनंदात होते, म्हणूनच कुणाला दिसलं नाही.

वाचलेल्या वेळासाठी ऑफिसबाईंनी बोलायची खोली केली. दोन मऊ खुर्च्या समोरासमोर, मधे रुमालांचं खोकं, कोपऱ्यात प्लॅस्टिकचं झाड. मी आत बसून पाहिलं. बसल्या बसल्या आपण काहीतरी गुन्हा केलाय असं वाटतं. आई-मुली आत जायच्या, बसायच्या, झाडाकडे बघायच्या आणि बाहेर यायच्या. एका बापाने सगळे रुमाल मोजले. काका म्हणाले, "झाड तेवढं बोलायचं राहिलंय."

हळूहळू माणसं कमी झाली. पोरं कपडे मशीनमध्ये टाकून रस्त्यावर जाऊन उभी राहायची. मावशी दारात उभ्या राहून म्हणायच्या, "काय झालं या सगळ्यांना? आता तर मला वेळ आहे." त्यांचा चेहरा बघवत नव्हता. एवढी वर्षं त्यांना खात्री होती की लोक त्यांच्याशी बोलायला येतात.

आणि आई. ती पहिल्याच दिवशी आली, भिंतीकडे गेली, भिंतीवर पत्र्याचं कपाट आणि वायरी. हातात चादर घेऊन उभी. तिने खुंटी कुठे आहे असंही विचारलं नाही. चादर टेबलावर ठेवली, पिशवी घेतली, घरी गेली. मग घरातच. मी सकाळी निघाले की ती खिडकीत, आले की खिडकीत. बाबा गेल्यानंतरची ती खोली मला आठवायला लागली. तुला लिहायला बसायची आणि उठायची. हे लिहिलं तर तू काय करणार, आणि नाही लिहिलं तर मी काय करणार.

बोटीवरून बोलावणं आलं होतं. नवा कॅप्टन आहे, सूप खातो. खरं सांगते, पिशवी भरली होती. पाय नुसते शिवशिवत होते.

पण त्याच सकाळी हत्तीने चादर गिळली. इस्पितळाची, किनारीला फाटकी होती, ती आतल्या रुळांना गुंडाळली गेली आणि धूर. मशीन बंद. बाहेर इस्पितळाची गाडी उभी, आत ओल्या-कोरड्या चादरींचा डोंगर, ड्रायव्हर म्हणतोय वॉर्डात रुग्णांच्या गाद्या उघड्या आहेत. मावशींनी दुरुस्तीवाल्याला फोन केला, तो म्हणाला उद्या. मावशींनी फोन ठेवला आणि दारात जाऊन ओरडल्या, "हात हवेत! ज्यांना ज्यांना हात आहेत त्यांनी या!"

काकांनी शिट्टी फुंकली. अख्ख्या रस्त्याने ऐकली. बेकरीवाला आला, पिठाने पांढरा, आता म्हातारा झालाय, त्याच्या मागे त्याची मुलगी, तिच्या कडेवर मूल. बाहेर उभी असलेली पोरं आली, त्यांच्या आया आल्या, तो रुमाल मोजणारा बाप आला. ऑफिसबाईंनी बूट काढून ठेवले. आणि मी पळत घरी. आई खिडकीतच होती. म्हटलं, "चल, चादरी अडल्यात."

"खुंटी नाही तिथे."

"मी आहे."

"तू हलतेस."

"नाही हलणार."

तिने माझ्या भरलेल्या पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चप्पल घातली.

धुलाईघर मी इतकं भरलेलं कधी पाहिलं नव्हतं. भिंतीपासून भिंतीपर्यंत चादरी, वर-खाली, मागे-पुढे, जोड्या एकमेकींना धक्के मारतायत, काका शिट्टीने वाहतूक सांभाळतायत, ड्रायर ओरडतायत. आणि सगळ्यांचे ओठ हलतायत. सगळ्यांचे! तो रुमालवाला बाप त्याच्या मुलापाशी वाकून काहीतरी सांगत होता, मुलगा डोळे पुसत हसत होता. मावशी चादरींचा गठ्ठा छातीशी धरून मधोमध उभ्या राहिल्या. त्यांनी एकदा सगळीकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "अगं, मला वाटायचं लोक माझ्यापाशी येतात. ते चादरीपाशी यायचे." आणि हसायला लागल्या. पंचवीस वर्षांनंतर आपण त्यात नव्हतोच हे कळल्यावर असं मनापासून हसणारं माणूस मी तरी पाहिलेलं नाही. गठ्ठा माझ्या हातात दिला आणि स्वतः ऑफिसबाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "धरा बाई. तुमचं माझ्याबद्दल काय म्हणणं आहे ते सांगा एकदा." ऑफिसबाईंचं बरंच म्हणणं होतं.

आईने दोन कोपरे माझ्याकडे दिले. "हलू नकोस."

ताई, मी हलले नाही. मला माहीत आहे तुला पटणार नाही. पाय शिवशिवत होते, मागून कुणीतरी कोपर मारत होतं, सर्दीने नाक वाहत होतं आणि पुसायला हात सोडायचे नव्हते. पहिल्या चादरींना आई माझ्या खांद्यावरून मागे बघत होती, जिथे आधी खुंट्या होत्या तिथे. जवळ आली, कोपरे दिले, मागे गेली. मग पुन्हा जवळ आली आणि बोलायला लागली. मी खुंटी असल्यासारखी. थांबलीच नाही. चादर संपली की दुसरी उचलायची आणि वाक्य पुढे सुरू. गाडी भरून गेली, ड्रायर बंद झाले, तरी हळू आवाजात बोलत होती, आणि शेवटी मला ड्रायरशिवाय सगळं स्वच्छ ऐकू आलं.

ते मी तुला लिहिणार नाही.

माझ्या पोटात काही राहत नाही, हे तुला माहीत आहे. तू मांजरीचं नाव काय ठेवणार होतीस तेसुद्धा मी मांजर यायच्या आधी सगळ्यांना सांगून टाकलं होतं. पण हे नाही. हा नियम ज्या घरामुळे झाला त्या घराची मी आहे. एकदा चादरीवरचं बाहेर गेलं, चांगल्या मनाने गेलं, आणि त्याची किंमत तू भरलीस. मी पुन्हा तेच करणार नाही, अगदी चांगल्या मनानेही.

एवढंच सांगते: ती जे बोलली त्यात 'तू' होतं, आणि ती 'तू' मी नव्हते.

मशीन हॉटेलला परत गेलं. मालक म्हणाला, फुकटची वस्तू परत करणारे तुम्ही पहिलेच. मावशींनी त्याला चादर धरायला लावली. आता त्याच्याही चादरी आपल्याकडे येतात, हाताने घडी घालायला, आणि कधीमधी तो स्वतःही येतो, त्याच्या भावाला घेऊन. टेबलं खाली परत आली, बोलायची खोली बंद. झाड ठेवलंय, ऑफिसबाईंचा मान म्हणून.

काकांनी खुंट्या परत बसवल्या. आईची जोडी बसवायला गेले, वीतभर खाली, मापून. आई म्हणाली, "माझी राहू दे."

"का बाई?"

"खुंटी नको आता."

मग माझ्याकडे वळली आणि चहात साखर किती विचारावं तशा आवाजात म्हणाली, "तू आहेस ना अजून थोडे दिवस?"

मी हो म्हटलं. बोटीला येत नाही म्हणून कळवलंय.

पुस्तक छापायला गेलं. खिडकीचं घातलंय. सूपही घातलंय, सगळ्यात आधी. कार्यक्रम सत्तावीसला, रविवारी. भाषणं नाहीत, मावशींनी सगळ्यांना चादरी धरायला सांगितलंय. वरच्या खोलीत एक खाट तुझ्यासाठी लावली आहे. खिडकी अजून लागत नाही. इस्पितळात कोणीतरी एक दिवस तुझी पाळी घेईल, मांजर शेजारी ठेव.

तू यायलाच हवंस असं मी म्हणणार नाही, आईनेही म्हटलेलं नाही. मी फक्त माझी अडचण सांगते. आईच्या समोरचं टोक सध्या माझ्या हातात आहे, मी न हलता उभी आहे, आणि तू मला लहानपणापासून ओळखतेस, ताई. मला फार वेळ एका जागी उभं राहता येत नाही.

टोक धरून,
तुझी धाकटी